फ्रान्झ मेस्मर : उपचार खोटा, तरी परिणाम खरा कसा?

गुडघेदुखीसाठी चुंबकाचा पट्टा, कंबरेसाठी चुंबकाची गादी, मनगटात तांब्याचे किंवा चुंबकाचे कडे. यांतली एखादी वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. ती वापरणारी व्यक्ती सांगते, की पट्टा बांधल्यापासून जिना चढता येतो. घरातले दुसरे कुणीतरी म्हणते, की हे सगळे मनाचे खेळ आहेत. मग वाद सुरू होतो. दवाखान्यात तो वाद माझ्यापुढे आला, की मला अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरची आठवण येते. चुंबकाने रोग बरे करण्याची कल्पना युरोपभर गाजवणारा हा माणूस म्हणजे फ्रान्झ अँटोन मेस्मर. भारून टाकणे या अर्थाचा ‘मेस्मराइझ’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला आहे.

मेस्मरचा सिद्धांत साफ चुकला होता. मात्र त्याच्या रुग्णांच्या शरीरात जे घडत होते ते खरे होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे कळले तर आपल्या उपचारांबद्दलचे बरेच गैरसमज दूर होतात.

वनरक्षकाचा मुलगा, व्हिएन्नाचा डॉक्टर

मेस्मरचा जन्म 23 मे 1734 रोजी आजच्या जर्मनीतल्या इट्सनांग या खेड्यात झाला. हे खेडे कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी आहे. वडील बिशपच्या पदरी वनरक्षक होते. मुलगा हुशार निघाला. आधी जेझुइट पंथीयांच्या विद्यापीठांत शिकून तो पुढे व्हिएन्नाला गेला आणि तिथे वैद्यकीकडे वळला. 1766 मध्ये त्याला पदवी मिळाली. त्याच्या प्रबंधाचा विषय होता ग्रहांचा मानवी शरीरावर होणारा परिणाम. आज हा विषय विचित्र वाटेल. पण न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचे नियम मांडून तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. चंद्र समुद्राला भरती आणू शकतो, तर शरीरातल्या द्रवांवर त्याचा परिणाम का होऊ नये, असा प्रश्न त्या काळच्या शिकलेल्या माणसाला पडणे स्वाभाविक होते. प्रबंधाचा बराचसा भाग रिचर्ड मीड या इंग्रज डॉक्टरच्या लिखाणातून उचललेला होता, असे पुढे संशोधकांनी दाखवून दिले.

1768 मध्ये त्याने एका श्रीमंत विधवेशी लग्न केले. व्हिएन्नात मोठे घर, बाग, संगीताच्या मैफली असे त्याचे आयुष्य सुरू झाले. मोझार्ट कुटुंबाशी त्याचा घरोबा होता. काचेच्या वाट्यांवर ओली बोटे फिरवून वाजवायचे ग्लास आर्मोनिका हे वाद्य तो स्वतः छान वाजवत असे. त्या वाद्याला नवे रूप देणारा माणूस अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

चुंबकापासून हातापर्यंत

1774 मध्ये मेस्मर फ्रान्सिस्का ओस्टरलिन नावाच्या तरुणीवर उपचार करत होता. तिला आचके येत, कान आणि दात असह्य दुखत, उलट्या होत, मधूनच शुद्ध हरपे. नेहमीच्या औषधांचा गुण येईना. मग मेस्मरने तिला लोहयुक्त औषध प्यायला दिले आणि तिच्या अंगावर चुंबक बांधले. हे चुंबक माक्सिमिलिआन हेल या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने बनवून दिले होते. काही वेळाने तिला अंगातून एक प्रवाह खाली वाहत गेल्यासारखे वाटले, आणि पुढचे काही तास त्रास थांबला.

आता श्रेय कुणाचे, यावरून हेल आणि मेस्मर यांच्यात जुंपली. हेल म्हणे, गुण चुंबकाचा आहे. मेस्मरने वेगळाच निष्कर्ष काढला. चुंबक काढून नुसता हात फिरवला तरी रुग्णाला तेच जाणवते, हे त्याने पाहिले होते. यावरून त्याने ठरवले, की विश्वात एक अदृश्य प्रवाह भरून राहिला आहे, तो शरीरात अडला की रोग होतो आणि डॉक्टर आपल्या अंगच्या शक्तीने तो पुन्हा वाहता करू शकतो. या शक्तीला त्याने प्राणिज चुंबकत्व असे नाव दिले.

इथे जरा थांबून विचार करू. चुंबक काढल्यावरही परिणाम राहिला, हे निरीक्षण अगदी मोलाचे होते. परिणामाचे कारण चुंबकात नाही, हे त्यातून सरळ दिसत होते. रुग्णाला काय होणार असे वाटते आहे, याकडे मेस्मरने पाहिले असते तर तो योग्य वाटेला लागला असता. त्याने ती शक्ती स्वतःकडे घेतली.

1775 मध्ये त्याला म्युनिकला बोलावणे आले. त्या सुमारास गासनर नावाचा एक पाद्री भूत उतरवून रोग बरे करतो म्हणून फार गाजत होता. मेस्मरने तिथे दाखवून दिले, की कोणताही मंत्र किंवा देवाचे नाव न घेता आपणही रुग्णात तसेच आचके आणू शकतो आणि थांबवू शकतो. गासनर ढोंगी नाही, त्याच्याकडे नकळत हीच चुंबकशक्ती आहे, असे त्याचे म्हणणे पडले. भूत गेले आणि त्याच्या जागी प्रवाह आला. रुग्णाचे हातपाय मात्र दोघांपुढेही सारखेच झटके देत होते.

अंध पियानोवादक

मारिया तेरेसिया पॅराडिस ही व्हिएन्नातली नावाजलेली पियानोवादक. ती तीन-साडेतीन वर्षांची असताना तिची दृष्टी गेली होती. जळवा लावणे, विजेचे झटके देणे असे अघोरी उपाय करून झाले होते. 1777 मध्ये, ती अठरा वर्षांची असताना, मेस्मरने तिला आपल्या घरी ठेवून उपचार सुरू केले. काही आठवड्यांनी तिला प्रकाश आणि आकार दिसू लागल्याचे जाहीर झाले. व्हिएन्नात खळबळ उडाली.

पण त्याबरोबर एक विचित्र गोष्ट घडली. तिचे पियानोवादन बिघडले. आधी अंधारात सहज फिरणारी बोटे, ती त्यांच्याकडे पाहू लागल्यावर अडखळू लागली, असे तेव्हाच्या वर्णनांत आहे. तिला किती दिसत होते याबद्दल वाद आहेत, पण हा अनुभव आपल्या ओळखीचा आहे. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून पाहा, पाऊल चुकते. अंगवळणी पडलेली हालचाल आपण सतत तपासू लागलो, की ती बिघडते. पडण्याची भीती बसलेले वृद्ध असेच अवघडून चालतात, आणि त्या अवघडलेपणामुळे तोल जाण्याचा धोका वाढतो.

पॅराडिसला सम्राज्ञीकडून मानधन मिळत होते. दृष्टी आली तर ते बंद होईल आणि वादनही जाईल, अशी आईवडिलांना धास्ती वाटली असावी. व्हिएन्नातले डॉक्टर मेस्मरवर आधीच नाराज होते. मोठा तमाशा होऊन मुलीला घरी नेण्यात आले. तिची दृष्टी पुन्हा पूर्ण गेली. पुढे ती अंध कलावंत म्हणून युरोपभर वाजवत फिरली आणि संगीतरचनाकार म्हणूनही नावारूपाला आली. मेस्मरला मात्र व्हिएन्ना सोडावे लागले.

पॅरिसमधला टब

1778 च्या सुरुवातीला तो पॅरिसला आला आणि थोड्याच काळात त्याच्या दारात गाड्यांची रांग लागू लागली. इतक्या रुग्णांना एकेकटे तपासणे शक्य नव्हते, म्हणून त्याने सामुदायिक उपचाराची सोय केली. एका मोठ्या लाकडी टबात पाणी, लोखंडाचा कीस आणि त्याने भारलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असत. झाकणातून वाकड्या लोखंडी सळ्या बाहेर येत. रुग्ण टबाभोवती गोल बसत आणि दुखरा भाग सळीला टेकवत. सगळ्यांभोवती एक दोरी गुंडाळलेली असे. खोलीत मंद उजेड, आरसे, हलके संगीत. जांभळट रंगाचा रेशमी झगा घातलेला मेस्मर हातात कांडी घेऊन शांतपणे त्यांच्यामधून फिरे.

थोड्या वेळाने कुणी तरी खोकू लागे, कुणाला घाम फुटे, कुणी रडे, आणि मग एखाद्या रुग्णाच्या हातापायांना जोरदार झटके सुरू होत. एकाला झाले की शेजाऱ्याला होई. याला क्रायसिस म्हणत. रोग बाहेर पडायचा तर क्रायसिस यायलाच हवा, असे मेस्मर सांगत असे. त्यांना इजा होऊ नये म्हणून भिंतींना गाद्या लावलेली वेगळी खोली होती. झटके ओसरल्यावर अनेकांना खरोखर हलके वाटे.

1779 मध्ये त्याने आपले म्हणणे 27 कलमांत छापले. शार्ल देसलाँ हा राजघराण्याशी संबंधित डॉक्टर त्याचा शिष्य झाला. मेस्मरला फ्रान्समध्ये ठेवून घेण्यासाठी सरकारने मोठे वार्षिक वेतन देऊ केले, ते त्याने नाकारले. त्याला राजमान्यता हवी होती, पण आपल्या पद्धतीची तपासणी नको होती. 1783 मध्ये अनुयायांनी एक सभा स्थापन केली आणि प्रत्येकी शंभर सुवर्णनाणी भरून त्याच्याकडून हे गुपित शिकायला सुरुवात केली. म्हणजे विद्याही गुप्त आणि फीही भरभक्कम.

जर्दाळूचे झाड

1784 मध्ये राजा सोळावा लुई याने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए, खगोलशास्त्रज्ञ बाई, डॉक्टर गियोतिन आणि तेव्हा अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसजवळ पासी इथे राहणारा बेंजामिन फ्रँकलिन असे लोक होते. फ्रँकलिन 78 वर्षांचा होता, संधिवाताने आणि मुतखड्याने बेजार होता. त्यामुळे बरेच प्रयोग त्याच्या घरीच झाले. मेस्मरने सहकार्य नाकारले, म्हणून देसलाँने प्रात्यक्षिके दाखवली.

समितीचे सदस्य आधी स्वतः टबाला बसले. त्यांना काहीच झाले नाही. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. रुग्णाला काय वाटते आहे आणि प्रत्यक्षात काय केले आहे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या.

फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडाला देसलाँने भारले. त्यानेच निवडून आणलेल्या, चुंबकशक्ती सहज जाणवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधले आणि त्याला एकेक करून चार झाडांजवळ नेले. यांतले एकही झाड भारलेले नव्हते. पहिल्या झाडापाशी मुलाला घाम फुटला आणि खोकला आला. दुसऱ्यापाशी डोके दुखू लागले. तिसऱ्यापाशी त्रास वाढला आणि आपण त्या झाडाजवळ आलो आहोत असे तो सांगू लागला. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला, हातपाय ताठ झाले. भारलेले झाड तिथून चोवीस फूट लांब होते. सगळ्याच झाडांत थोडी नैसर्गिक चुंबकशक्ती असते, अशी सारवासारव देसलाँने केली. तसे असते तर अशा माणसाला बागेत पाऊलच टाकता आले नसते, हे समितीने दाखवून दिले.

लव्हॉझिएच्या घरी एका स्त्रीला साध्या पाण्याचे कप एकामागून एक दिले. चौथ्या कपाला तिला झटके आले. नंतर खरोखर भारलेल्या कपातून पाणी दिले, ते ती शांतपणे प्यायली. पासीला दुसऱ्या एका स्त्रीवर, कागद लावलेल्या दारामागून, तिला न कळता अर्धा तास हा प्रयोग केला. ती मजेत गप्पा मारत राहिली. पुढे तिला सांगून, समोर उभे राहून तोच उपचार केला तेव्हा काही मिनिटांत क्रायसिस आला.

निष्कर्ष स्पष्ट होता. माहीत असेल तर उपचार न करताही परिणाम होतो, आणि माहीत नसेल तर उपचार करूनही होत नाही. तेव्हा तो प्रवाह अस्तित्वात नाही. जे घडते ते कल्पनेमुळे, स्पर्शामुळे आणि एकमेकांचे पाहून घडते. नवे औषध बाजारात येण्याआधी आज काही रुग्णांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देतात, कुणाला काय मिळाले हे रुग्णाला सांगत नाहीत. त्या पद्धतीची मुळे फ्रँकलिनच्या या बागेत आहेत.

यावर देसलाँने एक प्रश्न पुढे केला होता. कल्पनेनेच बरे वाटत असेल, तर कल्पनेचाच औषध म्हणून उपयोग का करू नये? समितीचे काम प्रवाह आहे की नाही हे तपासण्याचे होते, त्यामुळे हा प्रश्न तसाच राहिला. वैद्यकशास्त्राला त्याकडे गांभीर्याने पाहायला फार वर्षे लागली.

शेवटची वर्षे

अहवालानंतर मेस्मरची पॅरिसमधली सद्दी संपली. शिष्यांशी भांडणे झाली. तो शहर सोडून भटकत राहिला. 1793 मध्ये व्हिएन्नाला परतला, पण राजकीय संशयावरून त्याला तिथूनही काढण्यात आले. ज्या समितीने त्याला खोटे ठरवले तिच्यातले बाई आणि लव्हॉझिए दोघेही फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेले. त्या यंत्राला नाव मिळाले समितीतल्याच डॉक्टर गियोतिनचे. मेस्मर मात्र स्वित्झर्लंडमध्ये आणि पुढे आपल्या सरोवराच्या काठी शांतपणे जगला. 1812 मध्ये बर्लिनहून त्याला बोलावणे आले, तो गेला नाही. 5 मार्च 1815 रोजी मेर्सबुर्ग इथे त्याचे निधन झाले. अखेरपर्यंत त्याचा त्या प्रवाहावर विश्वास होता.

त्याच्या पद्धतीतून पुढे संमोहनाची वाट निघाली. मँचेस्टरचा डॉक्टर जेम्स ब्रेड याने 1841 मध्ये अशी प्रात्यक्षिके पाहिली आणि प्रवाहाची कल्पना टाकून देऊन त्यातला एकाग्रतेचा भाग अभ्यासला. आपल्याकडे बंगालमध्ये हुगळी इथे जेम्स एस्डेल हा डॉक्टर 1845 पासून भूल म्हणून मेस्मरची पद्धत वापरून शस्त्रक्रिया करत होता. क्लोरोफॉर्म आल्यावर ती मागे पडली.

प्लासिबो आणि नोसिबो म्हणजे काय?

औषधी गुण नसलेल्या उपचाराने, केवळ बरे वाटेल या अपेक्षेने आणि उपचाराच्या वातावरणाने जो फायदा होतो, त्याला प्लासिबो परिणाम म्हणतात. त्रास होईल या अपेक्षेने जो त्रास होतो, तो नोसिबो परिणाम. टबाभोवती हलके वाटणारे रुग्ण हे पहिल्याचे उदाहरण, तर झाडापाशी कोसळलेला मुलगा दुसऱ्याचे.

हालचालीवर हे परिणाम ठळक दिसतात. 1799 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात डॉक्टर जॉन हेगार्थने संधिवाताच्या पाच रुग्णांवर एक प्रयोग केला. तेव्हा धातूच्या महागड्या कांड्या अंगावरून फिरवून दुखणे घालवण्याची टूम होती. त्याने धातूसारख्या दिसणाऱ्या लाकडी कांड्या वापरल्या. पाचांपैकी चौघांना आराम पडला, एकाला तर बरेच चांगले चालता येऊ लागले. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, तेव्हाही फरक तेवढाच पडला.

आता अलीकडचे काही अभ्यास पाहू.

- कंपवात (पार्किन्सन) : या आजारात मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडते, म्हणून हालचाल मंदावते. 2001 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवले, की औषध समजून निष्क्रिय इंजेक्शन दिले तरी रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवते. 2015 मध्ये अमेरिकेत 12 रुग्णांना मिठाच्या पाण्याची दोन इंजेक्शने दिली आणि एक स्वस्त, दुसरे महाग औषध असल्याचे सांगितले. महाग म्हणून दिलेल्या इंजेक्शननंतर हालचाल जास्त सुधारली.
- खेळाडू : 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना दरवेळी निष्क्रिय गोळीच दिली. जास्त कॅफिन घेतले आहे असे वाटले तेव्हा त्यांची ताकद 3.1 टक्क्यांनी वाढली. मध्यम प्रमाणात घेतले असे वाटले तेव्हा 1.3 टक्क्यांनी वाढली. काहीच मिळाले नाही असे वाटले तेव्हा ती 1.4 टक्क्यांनी घटली.
- गुडघा : 2002 मध्ये अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या 180 रुग्णांपैकी काहींची दुर्बिणीने सफाई केली, काहींचा सांधा नुसता धुतला, तर काहींना केवळ वरून छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांपर्यंत तिन्ही गटांच्या वेदनेत आणि चालण्यात फरक दिसला नाही.
- कोलेस्टेरॉलच्या गोळ्या : स्टॅटिनने अंग दुखते, थकवा येतो म्हणून ती सोडलेल्या 60 रुग्णांना 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात काही महिने खरी गोळी, काही महिने निष्क्रिय गोळी दिली आणि काही महिने काहीच दिले नाही. खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासापैकी सुमारे 90 टक्के त्रास निष्क्रिय गोळीनेही झाला. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या रुग्णांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

या अभ्यासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मेंदू हातापायांना हुकूम देताना पुढे काय होणार याचा अंदाज घेत असतो. आराम पडेल असा अंदाज असेल तर वेदना कमी जाणवते, स्नायू सैल होतात, माणूस अधिक हालचाल करतो. धोका आहे असा अंदाज असेल तर स्नायू आखडतात आणि दुखणे वाढते. हे नाटक नाही. त्या बारा वर्षांच्या मुलाने बेशुद्धीचे सोंग घेतले असे समितीनेही म्हटले नव्हते.

आपल्या घरात नोसिबो कसा शिरतो?

एक्स-रे पाहून कुणीतरी सांगते, वाटी झिजली, वंगण संपले, मणक्यात गॅप पडला. ऐकणाऱ्याच्या मनात यंत्र मोडल्याचे चित्र उभे राहते. तो जिना सोडतो, चालणे सोडतो, वाकायला घाबरतो. काही महिन्यांत मांडीचे स्नायू अशक्त होतात, आणि मग गुडघा खरोखर जास्त दुखतो. प्रत्यक्षात पन्नाशीनंतर अनेकांच्या एक्स-रेत झीज दिसते आणि त्यांतल्या कित्येकांना काहीही त्रास नसतो. झीज असतानाही व्यायामाने वेदना कमी होतात आणि चालणे सुधारते.

रुग्णांनी आणि घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

1. गुण आला म्हणजे तो त्या वस्तूचाच, असे नाही. सांधेदुखी कमी-जास्त होत असते. दुखणे कळसाला पोहोचले की आपण उपाय शोधतो, आणि ते पुढे थोडे उतरणारच असते. त्यात अपेक्षेची भर पडते. चुंबकाच्या पट्ट्याने इजा होत नसेल तर त्यावरून भांडू नका, पण त्यासाठी कर्ज काढू नका आणि व्यायाम, औषधे बंद करू नका. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र चुंबकाच्या वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

2. प्लासिबोला मर्यादा आहेत. वेदना, थकवा, मळमळ, हालचालीतला अवघडलेपणा यांत तो दिसतो. त्याने मोडलेले हाड जुळत नाही, जंतुसंसर्ग जात नाही, कर्करोगाची गाठ विरघळत नाही.

3. महाग म्हणजे गुणकारी नव्हे. इंजेक्शन किंवा सलाइन घेतल्याशिवाय बरे वाटत नाही, असे तुम्हाला वाटत असेल तर कंपवाताच्या रुग्णांचा प्रयोग आठवा.

4. औषधाचा त्रास वाटला तर मनाने बंद करू नका. केव्हा सुरू झाला, किती आहे हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्रास खरा औषधाचाही असू शकतो. स्टॅटिनबरोबर तीव्र स्नायूदुखी किंवा लघवीचा रंग गडद झाला तर लगेच कळवा.

5. अचानक आलेली कमजोरी मनाची समजू नका. चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा. पहिल्यांदाच आलेल्या झटक्यांचीही तपासणी हवीच.

6. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे रुग्ण खोटे बोलतो, असे नाही. मेंदूला इजा नसताना त्याच्या कामकाजातल्या गडबडीमुळे हातपाय लुळे पडणे किंवा झटके येणे हा ओळखीचा आजार आहे. योग्य फिजिओथेरपी आणि समुपदेशनाने अनेकजण सुधारतात. नाटक करतोस का, असे म्हटल्याने तो बिघडतो.

7. शब्द जपून वापरा. व्यायामाला निघालेल्या आजींना पडशील, असे म्हणण्यापेक्षा, मी बरोबर येते, कठडा धरून चालू या, असे म्हणा. काळजी तीच राहते, आजींचे पाऊल मात्र सैल पडते.

पट्टा बांधून जिना चढणाऱ्या आजोबांचा जिना खरा आहे. तो चढणारे पायही त्यांचेच आहेत. एखाद्या दिवशी पट्टा घरी विसरला तर त्यांना एवढेच सांगा, आणि कठड्यापाशी थोडा वेळ सोबत उभे राहा.